डॉमिनार 400: गाडीची स्पेक शीट धंदेवाल्याच्या नजरेने वाचा



आपल्या चॅनेलवर मार्जिन, उधारी, जीएसटी, स्टॉक असे विषय असतात. त्यामुळे आज मोटरसायकलवर लेख बघून काही जणांना वाटेल, दादा ट्रॅक बदलला की काय! तसं नाही. साताऱ्यात हायवेलगत माझं हेल्मेट आणि बाईक अ‍ॅक्सेसरीजचं दुकान आहे. पुण्याहून कोल्हापूर, कोकण, गोव्याला निघालेले रायडर काउंटरवर थांबतात. आणि एक प्रश्न मला व्हिडिओखाली पण येतो, दुकानात पण येतो: "सर, टूरिंगसाठी डॉमिनार 400 कशी आहे? घेऊ का?"

या प्रश्नाचं उत्तर देता देता धंद्याचा एक मोठा धडा सांगता येतो. कोणताही आकडा एकटा चांगला किंवा वाईट नसतो. तो कोणत्या कामासाठी आहे, हे कळलं की मगच त्याला किंमत येते. गाडी असो, आटा चक्की असो, शिलाई मशीन असो, हाच नियम. चला, एकेक आकडा बघूया.

आधी गाडीची ओळख

2014 च्या ऑटो एक्स्पोमध्ये बजाजने पल्सर सीएस 400 नावाचं कॉन्सेप्ट मॉडेल दाखवलं होतं. तीच गाडी डिसेंबर 2016 मध्ये डॉमिनार 400 या नव्या नावाने बाजारात आली. आपल्या चाकणमध्येच बनते. जगाच्या बाजारात 400 सीसी म्हणजे लहान गाडी, पण आपल्याकडे 100-125 सीसीवर घर चालतं, तिथे ही मधल्या गटातली स्पोर्ट टूरर. म्हणजे पळायला बऱ्यापैकी जोरदार, आणि दिवसभर बसून लांब जाता येईल अशी.

लाँचची किंमत होती 1.36 लाख, आणि एबीएसवाली 1.50 लाख, एक्स-शोरूम दिल्ली. त्याच कंपनीच्या चाकणच्या कारखान्यातून निघणारी केटीएम 390 ड्यूक 2013 मध्ये 1.80 लाखाला आली होती. दोन्ही इंजिनांचा बोअर 89 मिलिमीटर, स्ट्रोक 60 मिलिमीटर, म्हणजे साधारण 373 सीसी. लोक लगेच म्हणाले, "अरे, केटीएमचं इंजिन, पण स्वस्तात!"

इथेच पहिली गंमत आहे.

इंजिन: एकच माप, दोन वेगळी कामं

ड्यूकचं इंजिन 43 पीएसच्या आसपास ताकद द्यायचं. डॉमिनारच्या पहिल्या मॉडेलमध्ये ती 35 पीएस. कमी का? कारण बजाजने हेड बदललं. ड्यूकमध्ये दोन कॅमशाफ्ट, डॉमिनारमध्ये एक कॅमशाफ्ट आणि तीन स्पार्क प्लग. टॉर्क मात्र 35 न्यूटन मीटर, 6500 आरपीएमला.

टॉर्क आणि पॉवर यातला फरक दुकानात रोज सांगावा लागतो, म्हणून सोपं करून सांगतो. टॉर्क म्हणजे एका दमात किती ओझं ढकलता येतं. पॉवर म्हणजे ते ओझं तुम्ही किती भरभर ढकलता. मार्केट यार्डातला हमाल बघा. एका वेळी किती किलोचं पोतं उचलतो, तो टॉर्क. दिवसभरात किती पोती चढवतो, ती पॉवर.

घाटात मागे माणूस, बाजूला बॅगा असं असताना गाडीला सारखं उंच आरपीएमवर नेणं कंटाळवाणं होतं. तिथे मधल्या आरपीएमचा टॉर्क कामाला येतो. म्हणजे पहिल्या डॉमिनारमध्ये पीएस कमी ठेवणं हा कंजूषपणा नव्हता, तो कामाचा निर्णय होता.

2019 च्या मॉडेलमध्ये कंपनीने दोन कॅमशाफ्टचं हेड दिलं. ताकद 40 पीएस झाली. टॉर्क तेवढाच, 35 न्यूटन मीटर. मग बदललं काय? पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. इंजिन आता वरच्या आरपीएमलाही दम टिकवून धरायला लागलं. हायवेवर ओव्हरटेक करताना हा फरक कळतो. बाजारपेठेतल्या गर्दीत, 30-40 च्या वेगात, तो फारसा कळणार नाही.

म्हणून कुणी विचारलं, "35 वाली जुनी घेऊ की 40 वाली?" तर मी उलट विचारतो, "महिन्यात हायवेवर किती दिवस असता?"

वजन: ब्रोशरमधलं आणि खरं

2021 पासूनच्या टूरिंग सामानासकट आलेल्या मॉडेलचं वजन 193 किलो. 40 पीएस भागिले 193 किलो, म्हणजे 100 किलोमागे साधारण 20.7 पीएस. छान दिसतं.

आता त्यावर 75 किलोचा रायडर आणि 20 किलोचं सामान ठेवा. एकूण 288 किलो. आकडा येतो 13.9. मागे 65 किलोची पिलियन बसवा. एकूण 353 किलो, आकडा 11.3. म्हणजे तुम्ही शोरूममध्ये जी गाडी चालवून बघितली, ती ट्रिपला येतच नाही. ट्रिपला येते तिची ओझं लादलेली बहीण.

टेस्ट राइड घ्यायची तर मागे माणूस बसवून घ्या, आणि जमलं तर चढावर घ्या. धंद्यातही हेच. मशीनची कॅपेसिटी कंपनी सांगते ती रिकाम्या, आदर्श स्थितीतली असते. तुमच्या गावची लाईट, तुमचा कामगार, तुमचा कच्चा माल घालून आकडा काढा.

वजनाची दुसरी बाजू पण आहे. 193 किलोची गाडी हायवेवर वाऱ्याला घाबरत नाही, सरळ चालते. पण तीच गाडी पेठेतल्या गल्लीत पार्किंगमधून मागे ओढताना घाम काढते. सीटची उंची 800 मिलिमीटर, त्यामुळे मध्यम उंचीच्या माणसाचे पाय टेकतात, ही जमेची बाजू.

टाकी आणि रेंज

टाकी 13 लिटरची. नीट चालवणारे माझे गिऱ्हाईक 25 ते 30 चं अ‍ॅव्हरेज सांगतात. मधला 27 धरा. टाकी पूर्ण रिकामी कुणी करत नाही, म्हणून 11 लिटर कामाचं पेट्रोल धरलं, तर साधारण 300 किलोमीटर. पुणे ते कोल्हापूर 230 च्या आसपास आहे, तिथे आरामात. पुण्याहून पणजी साडेचारशेच्या घरात, म्हणजे मध्ये एकदा भरावं लागणार.

टूरर म्हणवणाऱ्या गाडीला 13 लिटर कमी, असं बरेच जण म्हणतात. मला विचाराल तर आपल्या हायवेवर पंपांना तोटा नाही, आणि दर दोन-अडीच तासांनी माणसाने थांबायलाच पाहिजे. लडाखसारख्या लांब पट्ट्यात मात्र हा आकडा खरंच अपुरा वाटू शकतो. तेव्हा परत तेच: आकडा कमी की जास्त, हे तुमच्या रस्त्यावर ठरतं.

ब्रेक, सस्पेन्शन आणि एक नाव

पुढे 320 मिलिमीटरची डिस्क, मागे 230 ची. लाँचच्या वेळी एबीएससाठी 14 हजार वेगळे होते, आणि एबीएस नसलेलं मॉडेलही मिळायचं. पुढे 125 सीसीवरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं आणि तो प्रश्नच संपला. जुनी सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे नक्की तपासा. पुढच्या चाकाशेजारी सेन्सरची रिंग आहे का बघा. एबीएस नसेल तर स्वस्त मिळतेय म्हणून भुलू नका.

2019 मध्ये पुढचे फोर्क बदलले. साध्या टेलिस्कोपिकच्या जागी 43 मिलिमीटरचे उलटे, म्हणजे यूएसडी फोर्क आले. जोरात ब्रेक लावल्यावर, वळणात गाडी जास्त खंबीर राहते. स्लिपर क्लचमुळे घाट उतरताना पटकन खालचा गिअर टाकला तरी मागचं चाक उड्या मारत नाही. खंबाटकी उतरताना ज्याने हे अनुभवलं, त्याला वेगळं सांगायला नको.

जुलै 2025 च्या अपडेटमध्ये राइड-बाय-वायर थ्रॉटल आणि चार मोड आले: रोड, रेन, स्पोर्ट, ऑफ-रोड. रेन मोड आपल्याकडे जून ते सप्टेंबर सोन्यासारखा आहे. पण ऑफ-रोड या नावावर जाऊ नका. दोन्ही चाकं 17 इंची, टायर रस्त्याचे, आणि ग्राउंड क्लिअरन्स 157 मिलिमीटर. कच्च्या रस्त्यावर मोडमुळे मदत होईल, पण गाडी ऑफ-रोडर होत नाही. बोर्डवर "शुद्ध गावरान" लिहिलं म्हणून तूप गावरान होतं का? तसंच.

कंपनी जे उशिरा शिकली

आता आपल्या कामाचा भाग.

2017 मध्ये या गाडीची एक जाहिरात गाजली होती. जड, जुन्या ढंगाच्या गाड्यांना हत्तीची उपमा दिली होती आणि लोकांना सांगितलं होतं, हत्ती पाळू नका. चर्चा प्रचंड झाली. पण त्या जाहिरातीतून काय कळलं? दुसऱ्याची गाडी कशी नाही, ते. डॉमिनार नक्की कुणाची गाडी आहे, ते माझ्या मते तिथे ठसलं नाही. शहरात पळवणाऱ्या पोराची, ऑफिसला जाणाऱ्याची, की लांब फिरणाऱ्याची?

उत्तर गिऱ्हाईकच देत होतं. गाडी घेतली की लोक दुकानात यायचे आणि तीच तीच यादी सांगायचे: उंच व्हायझर पाहिजे, हँडगार्ड पाहिजे, मागे कॅरिअर, मोबाईल लावायला स्टँड, चार्जिंग. 2018 मध्ये तीन भारतीय रायडर्सनी हीच गाडी घेऊन आर्क्टिकपासून अंटार्क्टिकापर्यंत 99 दिवसांत सुमारे 51,000 किलोमीटर कापले. म्हणजे ही गाडी कशासाठी आहे, हे रस्त्यावर सिद्ध होत होतं.

2019 च्या मॉडेलमध्ये सीटखाली सामान बांधायचे बंजी स्ट्रॅप आले. छोटी गोष्ट, पण बघा, दिशा कळते. आणि ऑक्टोबर 2021 मध्ये कंपनीने ती आख्खी यादीच गाडीवर बसवून द्यायला सुरुवात केली: उंच व्हायझर, हँडगार्ड, इंजिनखाली बॅश प्लेट, लेग गार्ड, मागे कॅरिअर आणि बॅकरेस्ट, नेव्हिगेशनचा स्टे, यूएसबी चार्जिंग. इंजिन तेच, 40 पीएस तेच. बदललं ते उत्तर: ही गाडी लांब जाणाऱ्याची आहे.

तुमचं गिऱ्हाईक तुमची वस्तू घेतल्यावर बाहेर जाऊन तिला काय जोडतं, हे बघा. तुमच्याकडून ड्रेस मटेरियल घेऊन बाई शेजारच्या दुकानात अस्तर आणि लेस घेते का? तुमच्या मेसचा डबा घेऊन पोरं बाहेरून दही घेतात का? ती तुमच्या पुढच्या प्रॉडक्टची यादी आहे, आणि ती फुकट मिळते.

आणि माझ्यासारख्या दुकानदाराने काय करायचं, कंपनीच सगळं बसवून देते म्हटल्यावर? सोपं आहे. यादी पुढे सरकते. व्हायझरवाला माणूस आता पॅनिअर बॅग विचारतो, फॉग लाइट विचारतो, रेनसूट विचारतो, सीटवर टाकायची जेल गादी विचारतो. गरज संपत नाही, फक्त वरच्या पायरीवर जाते. आपण पायरी चढायची.

किमतीची शिडी

दिल्लीतल्या एक्स-शोरूम किमती बघा:

- डिसेंबर 2016: 1.36 लाख (एबीएस नसलेली)
- एप्रिल 2019: 1.74 लाख
- ऑक्टोबर 2021: सुमारे 2.17 लाख
- जुलै 2025: सुमारे 2.39 लाख

"स्वस्तातली केटीएम" म्हणून आलेली गाडी "पूर्ण तयार टूरर" म्हणून एक लाख वर गेली. त्यात महागाई आहे, बीएस 6 चे नियम आहेत, मान्य. पण प्रत्येक पायरीवर गिऱ्हाईकाला दिसेल असं काहीतरी दिलंय. भाव वाढवायचा असेल तर आधी कारण दाखवा, मग बोर्ड बदला.

आणि टॅक्स विसरू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटरसायकलवर 18 टक्के जीएसटी, त्यावर 40 टक्के. आपली ही गाडी 373 सीसीची. 23-24 सीसीने ती वरच्या खणात जाते. तुमच्या मालाचा टॅक्स स्लॅब हे पण एक फीचरच आहे. गिऱ्हाईक ते बघत नाही, पण बिल बघतं.

आईचे दागिने आणि 8,185 रुपये

कोरेगावकडचा एक मुलगा दुकानात येतो. पंचविशीचा. त्याला रायडर ग्रुपना कास, कोयना, कुंभार्ली घाटातून चिपळूण, पुढे गुहागर अशा राइड करून द्यायच्या आहेत. रस्ता तो, मुक्काम तो, जेवण तो बघणार. कल्पना चांगली आहे. पण त्याचं म्हणणं होतं, "दादा, पुढे चालणाऱ्याकडे मोठी गाडी पाहिजे, नाहीतर कोण विचारतंय? आईचे दागिने ठेवतो, डाउन पेमेंट भरतो, बाकी लोन."

मी वही काढली. अडीच लाखाचं लोन, 11 टक्के, तीन वर्षं. ईएमआय 8,185 रुपये. तीन वर्षांत भरणार 2,94,660, म्हणजे 44 हजारांच्या वर नुसतं व्याज. पेट्रोल 105 रुपये लिटर धरलं तर किलोमीटरला चार रुपये. टायर, चेनसेट, सर्व्हिस मिळून आणखी दीड-दोन रुपये धरा. 400 किलोमीटरच्या एका राइडला बावीस-चोवीसशे रुपये गाडीच खाणार.

मग त्याला विचारलं, "एका माणसामागे तुला हातात किती उरणार?" म्हणाला, सगळं जाऊन सातशे. आठ जणांचा ग्रुप म्हणजे 5,600. त्यातून गाडीचा खर्च वजा केला तर 3,300 च्या आसपास. ईएमआय भरायलाच महिन्याला तीन राइड भरलेल्या पाहिजेत. आणि जुलैच्या तुफान पावसात, मेच्या उन्हात ग्रुप येईल का? ईएमआय मात्र येणारच.

"आता हे सांग, येणारा माणूस पैसे कशाचे देतोय? तुझ्या 40 पीएसचे?"

तो गप्प बसला. मग म्हणाला, "नाही. त्याला रस्ता माहीत नाही त्याचे. पंक्चर झालं तर माणूस येईल त्याचे."

आता तो त्याच्या जुन्या 150 सीसीवर राइड करतो. घाटात मोठ्या गाड्या त्याच्यामागे जरा अडकतात, हे खरं आहे. तोडगा त्याने काढला: प्रत्येकाला मुक्कामाच्या जागा आणि थांबे मोबाईलवर आधीच पाठवतो, आणि चढावर पुढे जाऊ देतो. पहिल्या कमाईतून पंक्चर किट, एअर पंप आणि चांगलं फर्स्ट एड घेतलं. दागिने घरात आहेत. डॉमिनार त्याला अजूनही पाहिजे, आणि मी म्हणतो पाहिजेच. सामान लादून चढ चढताना 35 न्यूटन मीटर काय असतात, हे आता त्याला व्हिडिओ बघून नाही, खांद्यातून कळलंय. दोन सीझनचा हिशोब हातात असेल तेव्हा तो शोरूममध्ये जाईल, आणि तेव्हा कोणता आकडा विचारायचा ते त्याला माहीत असेल.

मग, डॉमिनार घेऊ का?

माझं सरळ उत्तर:

- महिन्यातून एक-दोनदा 300-400 किलोमीटर, मागे माणूस, सोबत सामान: हो. या पैशात सगळं बसवून मिळणारी गाडी आहे.
- रोज पेठेतून 10 किलोमीटर: नको. वजन आणि पेट्रोल दोन्ही अंगावर येतील.
- कच्चे रस्ते, गडाच्या पायथ्यापर्यंतची वाट: दुसरी गाडी बघा. 157 मिलिमीटर लक्षात ठेवा.
- धंद्यासाठी लोन काढून: आधी धंदा जुन्या गाडीवर चालवून दाखवा. आणि भाड्याने द्यायचा विचार असेल तर पांढऱ्या नंबर प्लेटची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही. त्याचा परवाना वेगळा, आधी आरटीओत चौकशी करा.

वहीत लिहा

गाडी असो वा मशीन, विकत घेण्याआधी हे चार प्रश्न लिहून काढा:

1. हे मला महिन्यातले किती दिवस, किती तास लागणार?
2. ब्रोशरमधला आकडा माझं ओझं लादल्यावर किती उरतो?
3. माझं गिऱ्हाईक या फीचरचे पैसे देणार आहे, की मला ते आवडलंय?
4. धंदा बंद असलेल्या महिन्यात हप्ता कुठून येणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "मला आवडलंय" आलं तरी हरकत नाही. हौस वाईट नसते, मीही हौसेनेच या लाईनमध्ये आलो. फक्त तो खर्च घरखर्चाच्या पानावर लिहा, धंद्याच्या भांडवलात धरू नका.

तुम्ही सध्या कोणतं मशीन किंवा वाहन घ्यायच्या विचारात आहात ते कमेंटमध्ये लिहा, चारही उत्तरांसकट. पुढच्या व्हिडिओत त्यातले दोन-तीन हिशोब फळ्यावर मांडू. हेल्मेट घाला, हिशोब ठेवा. भेटूया!